स्वयंपाकघरातील प्रयोग : आमसूल, मीठ, अळू आणि पेज

आपण वेंगुर्ल्याहून विचारले आहे की, अतिवृष्टीमुळे शाळांना वारंवार सुट्टी मिळते, घरात सात वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे, लिंबू व खाण्याच्या सोड्याचा ‘ज्वालामुखी’ करून झाला आणि आता मुले त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत. तेव्हा बाहेरून काही न मागवता स्वयंपाकघरातच करता येतील आणि मुलांना खरोखर विचार करायला लावतील असे प्रयोग कोणते, आणि त्यांमागचे विज्ञान कसे समजावून सांगावे. कोकण किनाऱ्यावरील शाळांत अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर आणि मुलांबरोबर यातील प्रत्येक प्रयोग वारंवार केल्यानंतर मी हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

ज्वालामुखीपासूनच सुरुवात करतो, कारण तो टाकून देण्याची गरज नाही. मुले त्याला कंटाळतात ती फेस आवडत नाही म्हणून नव्हे. त्यात त्यांना ठरवण्यासारखे काहीच नसते. पदार्थ मोठ्यांनी दिलेले, प्रमाण मोठ्यांनी सांगितलेले आणि शेवट आधीच माहीत. तोच प्रयोग असा करून पाहा. लहान प्लास्टिकच्या बाटलीत एक मोठा चमचा लिंबाचा रस घ्यावा, फुग्यात नरसाळ्याने अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा भरावा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवून मग उभा करावा आणि फेस थांबल्यावर फुग्याचा घेर दोऱ्याने मोजावा. नंतर सोडा तेवढाच ठेवून रस दोन, तीन आणि चार चमचे घ्यावा, आणि प्रत्येक वेळी फुगा किती मोठा होईल हे मुलांनी आधी लिहून ठेवावे. बहुतेक मुले चार चमच्यांना चौपट फुगा असे लिहितात. प्रत्यक्षात घेर पहिल्या दोन-अडीच चमच्यांपर्यंत वाढतो आणि पुढे जवळजवळ थांबतो, कारण अर्धा छोटा चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम सोडा संपवायला सुमारे ३५ मिलिलिटर लिंबाचा रस पुरतो आणि त्यातून फार तर पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. ‘आता काय संपले?’ हा प्रश्न इथे विचारावा आणि उत्तर सांगू नये. एक चमचा रस घातलेल्या बाटलीत आणि चार चमचे घातलेल्या बाटलीत चिमूटभर सोडा पुन्हा टाकून पाहिला की मुले स्वतःच उत्तरापर्यंत येतात : चार चमच्यांची बाटली फसफसते, एक चमच्याची शांत राहते. लिंबे महाग असतील तेव्हा व्हिनेगर वापरले तरी चालते. बाटलीला झाकण मात्र कधीही फिरवून लावू नये, कारण आत साठलेल्या वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

या एका उदाहरणात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक आले आहे. मुलाने आधी अंदाज बांधावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि शक्य असेल तेथे तुलनेसाठी एक वाटी काहीही न घालता बाजूला ठेवावी. या तीन गोष्टी पाळल्या तर घरातील कोणत्याही वाटीत प्रयोग होतो, आणि त्या पाळल्या नाहीत तर महागड्या संचातूनही मुलाच्या हाती फक्त रंगीत पाणी लागते. एक जुनी वही त्यासाठी राखून ठेवावी. सात वर्षांच्या मुलीने त्यात चित्र काढून रंग भरले तरी ती नोंदच आहे. अकरा वर्षांच्या मुलाने वेळ, चमचे आणि मापे आकड्यांत लिहावीत.

कोकणातील घरात रसायनशास्त्राचे सर्वांत चांगले साहित्य आमसुलाच्या बरणीत असते. चार-पाच आमसुले कपभर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून ते लाल पाणी गाळून घ्यावे. आमसुलातील मीठ रंगाच्या आड येत नाही. हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे. आम्लात ती लाल दिसतात आणि आम्लारीत, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थांच्या द्रावणात, त्यांच्या रेणूंची रचना बदलून रंगही बदलतो. पांढऱ्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या वाटीत हे पाणी घेऊन मुलांना त्यात सोडा चिमूट-चिमूट घालू द्यावा. पहिल्या चिमटीला नुसता फेस येतो आणि रंग तसाच राहतो. मुले ‘प्रयोग चुकला’ असे म्हणतात, आणि मोठी माणसेही घाईने पुढचा चमचा ओततात. इथे थांबावे, कारण या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट याच ठिकाणी घडत असते. आमसुलाचे पाणी स्वतःच बरेच आंबट असते. घातलेला सोडा आधी त्या आंबटपणाशी भिडतो आणि वायू होऊन उडून जातो, आणि आम्ल संपत आल्यावरच लाल रंग जांभळट व मग करडा-हिरवट होऊ लागतो. किती चिमटींना रंग पालटला हे मोजले, की मुलाने पाण्यातील आम्ल मोजलेले असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली मापाची नळी, लावून हेच करतात. मग आमसुले दुप्पट घेऊन चिमटी दुप्पट लागतात का, हे विचारावे. चिमूट प्रत्येकाची वेगळी असते, अशी तक्रार मुले लवकरच करतात. तेव्हा त्यांनाच नेमके माप शोधायला सांगावे. मीठदाणीतील छोटा चमचा किंवा औषधाच्या बाटलीबरोबर आलेले मापाचे टोपण यापैकी काहीतरी ती शोधून आणतात.

आमसुलाच्या पाण्याची एक मर्यादा मुलांना दाखवून द्यावी. ते आधीच आम्लयुक्त असल्यामुळे त्यात लिंबू पिळले तरी रंगात विशेष फरक पडत नाही, म्हणून अनोळखी पदार्थ आंबट आहे का हे ओळखायला ते उपयोगी नाही. त्यासाठी परसदारची लाल जास्वंद घ्यावी. पाच-सहा फुलांच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून पाणी गडद होईपर्यंत ठेवावे व गाळून थंड करावे. हे पाणी लिंबाच्या रसाने झळझळीत लाल-गुलाबी होते आणि सोड्याने हिरवे, म्हणजे ते दोन्ही दिशांना बोलते. वाट्यांची एक रांग मांडून त्यांत जास्वंदीचे पाणी घ्यावे आणि साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, ताक, शहाळ्याचे पाणी, अंड्यातील पांढरे, कपड्यांच्या साबणाचे पाणी, पावसाचे पाणी असे एकेक घालून पाहावे. शेवटची वाटी साध्या पाण्याची असावी, नाहीतर पातळ झाल्यामुळे फिका पडलेला रंग आणि खरोखर बदललेला रंग यांत मुलांचा गोंधळ होतो. अंड्यातील पांढरे आम्लारीधर्मी निघते, याचे मुलांना फार आश्चर्य वाटते, कारण घरात खाल्ल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू आंबट किंवा उदासीन असतात. फुलांच्या रंगाचा असा उपयोग जुना आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या लेखनात व्हायोलेटच्या फुलांचा पाक आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवा होतो, याची नोंद आहे. आपल्या अंगणातील जास्वंद तेच काम करते.

हळदीचा प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेक घरांत नकळत झालेलाच असतो. हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाने घासला की डाग लाल होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. जाड कागदावर हळदीचा पातळ लेप देऊन तो वाळवला, की मुलांना साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लाल अक्षरे लिहिता येतात. हळद आणि चुना यांपासून पारंपरिक कुंकू तयार होते ते याच गुणामुळे. घरी मात्र मुलांच्या हाती चुना देऊ नये. तो डोळ्यांत गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, आणि साबणाने किंवा सोड्याने तेच काम भागते.

आता पावसाळ्यातच करता येईल असा, आणि माझ्या मते कोकणातील मुलांनी अवश्य करावा असा प्रयोग सांगतो. तीन कोरड्या, एकसारख्या वाट्या घ्याव्यात. एकीत दोन चमचे जाडे मीठ, दुसरीत दोन चमचे बारीक शुद्ध मीठ आणि तिसरीत दोन चमचे साखर घालून त्या पाऊस आत येणार नाही अशा उघड्या फळीवर ठेवाव्यात. चौथ्या वाटीत पुन्हा जाडे मीठ घालून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. ही तुलनेची वाटी. घरात ग्रॅममध्ये वजन करणारा छोटा काटा असेल तर रोज सकाळी प्रत्येक वाटीचे वजन लिहावे, नसेल तर वाटी तिरपी करून पाणी सुटले का, एवढे पाहावे. जाडे मीठ सर्वांत आधी ओले होते, मग बारीक मीठ, आणि साखर बराच काळ टिकून राहते. उघड्या वाटीचे वजन वाढलेले दिसले की मुलांना एक गोष्ट लख्ख कळते : हे पाणी मिठातून ‘सुटलेले’ नाही, ते बाहेरून आलेले आहे.

यामागचे कारण अकरा वर्षांच्या मुलाला पूर्णपणे समजू शकते. मिठाच्या कणावर हवेतील बाष्पाचा सूक्ष्म थर जमतो आणि त्यात मीठ विरघळून अतिशय खारट पाणी तयार होते. साध्या पाण्यापेक्षा अशा खाऱ्या पाण्यातून बाष्प सुटणे अवघड असते. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेले बाष्प, सुमारे ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा थर वाळून जातो, आणि त्याहून अधिक असेल तर हवेतील पाणी त्यात येतच राहते व मीठ हळूहळू विरघळते. साखरेसाठी हीच मर्यादा सुमारे ८५ टक्के आहे, म्हणून तिला ओले व्हायला अधिक दमट हवा लागते. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात आणि ते याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही पाणी ओढतात, त्यामुळे ते सर्वांत आधी पाझरते. आषाढ-श्रावणात किनाऱ्यावरची हवा दिवसचे दिवस ७५ टक्क्यांच्या वर असते. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या मुलाने उन्हाळ्यात हाच प्रयोग केला तर त्याची वाटी कोरडीच राहील. वेंगुर्ल्याहून फार दूर नसलेल्या शिरोड्याच्या मिठागरांची गोष्ट इथे मुलांना सांगावी, कारण १९३० च्या मीठ सत्याग्रहात महाराष्ट्रातील सत्याग्रही जेथे जमले त्यांपैकी हे एक ठिकाण, आणि मिठागरांचे काम पावसाळ्यात का बंद असते याचे अर्धे उत्तर त्यांच्या वाटीत आलेलेच असते. मीठदाणीत तांदळाचे दाणे का टाकतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा आणि दाणे कच्चे, भाजलेले व न घातलेले अशा तीन मीठदाण्या करून त्यांनीच त्याचे उत्तर शोधावे.

अळूचे पान हे पावसाळ्यातील दुसरे साहित्य. पानावर पाण्याचा थेंब ठेवला की तो गोल राहतो आणि पान हलवताच ओघळून जातो, आणि पान कोरडेच राहते. अळवावरचे पाणी हा शब्दप्रयोग मुलांनी ऐकलेला असतो. आता कारण पाहावे. एका पानाचा अर्धा भाग बोटाने हलकेच चोळावा आणि दोन्ही भागांवर थेंब सोडावेत. चोळलेल्या भागावर थेंब पसरतो, चिकटतो. पानावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक स्फटिक असतात. त्यांच्या टोकांवर थेंब टेकतो आणि खाली हवा अडकून राहते, म्हणून त्याला धरायला जागाच मिळत नाही. बोटाने ते मेण पुसले जाते. बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये सहकाऱ्यासह या गुणाचे जे स्पष्टीकरण दिले त्यात आणखी एक मुद्दा होता, आणि तो मुलांना पडताळता येतो : ओघळणारा थेंब धूळही बरोबर नेतो. न चोळलेल्या भागावर हळद किंवा कोरडी माती भुरभुरून वरून थेंब सोडावा, म्हणजे थेंब हळद गोळा करीत खाली जातो आणि मागे स्वच्छ रेघ उरते. त्यानंतर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून तेच पाणी पानावर सोडावे. आता थेंब गोल राहत नाही, कारण साबणाने पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणारे बल, पुष्कळ कमी होतो.

अळूविषयी एक सूचना आवश्यक आहे. देठाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांमुळे हात खाजतो. रानातील तेऱ्याची, म्हणजे रानटी अळवाची, खाज तर अधिकच असते. पान मोठ्यांनी कापून द्यावे, कापलेली कड धुऊन घ्यावी, आणि मुलांनी ते तोंडाला लावू नये.

पृष्ठताणाचा विषय निघालाच आहे, तर ताटलीतील पाण्यावर मिरपूड भुरभुरून मध्ये साबणाचे बोट टेकवण्याचा प्रयोगही करून घ्यावा. मिरपूड क्षणात काठाकडे पळते. तो सर्वत्र करतात, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. परंतु त्याच्या आधी मुलांना अग्नेस पॉकल्स यांच्याविषयी अवश्य सांगावे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या या बाईंना त्या काळच्या इतर मुलींप्रमाणे विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरकाम आणि आईवडिलांची शुश्रूषा करताना तेलकट पाण्याच्या पृष्ठभागाकडे त्यांचे लक्ष गेले आणि त्यांनी पत्र्याच्या उथळ भांड्यात, काठावरून सरकणाऱ्या पट्टीच्या साहाय्याने, पृष्ठभागावरील थराचा पृष्ठताणावर होणारा परिणाम मोजला. १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली, आणि रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध करवले. पृष्ठभागाच्या विज्ञानात आजही वापरल्या जाणाऱ्या उपकरणाची सुरुवात त्या भांड्यापासून झाली. स्वयंपाकघरातील काम आणि विज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपल्या मुलीला कधी वाटू नये, म्हणून ही हकिकत मी प्रत्येक वर्गात सांगत आलो आहे.

थोरल्या मुलासाठी पेजेचा प्रयोग सर्वांत समृद्ध आहे. त्यासाठी जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीनचे औषध लागते, आणि ते बहुधा घरात असते. त्याचे दोन-तीन थेंब अर्ध्या वाटी पाण्यात घालून फिकट पिवळसर तपकिरी द्रावण करावे. हे द्रावण पिष्टाला, म्हणजे स्टार्चला, भेटले की निळे-काळे होते. प्रथम कच्च्या केळ्याची चकती, पिकलेल्या केळ्याची चकती, उकडलेली आठळी, बटाटा, काकडी, खोबरे यांवर एकेक थेंब टाकून कोणते काळे होईल याचा अंदाज घ्यावा. कच्चे केळे गडद काळे होते आणि पूर्ण पिकलेले फार कमी, कारण पिकताना पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. त्यामुळे एकाच घडातील केळी रोज एक अशी तपासली तर पिकण्याची क्रिया दिवसागणिक वहीत उतरते.

यानंतर पेज घ्यावी. उकड्या तांदळाच्या पेजेचे वरचे पातळ पाणी कोमट करून दोन वाट्यांत दोन-दोन चमचे काढावे. एकीत चमचाभर साधे पाणी आणि दुसरीत चमचाभर स्वतःची लाळ मिसळावी. दर पाच मिनिटांनी प्रत्येक वाटीतला एक थेंब पांढऱ्या बशीवर ठेवलेल्या आयोडीनच्या थेंबात मिसळावा. साध्या पाण्याच्या वाटीतील थेंब प्रत्येक वेळी निळा-काळा होईल. लाळेच्या वाटीतील थेंब मात्र आधी जांभळट, मग तांबूस होत जाईल आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा फिकट रंगच उरेल. लाळेतील अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांपासून साखर बनवीत असते, आणि भाकरी किंवा भात बराच वेळ चावल्यावर गोड का लागतो, याचे उत्तर मुलाला डोळ्यांनी दिसते. पेज कढत असताना लाळ घातली तर काहीही घडत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होते. कढत, कोमट आणि बर्फात ठेवलेली अशा तीन वाट्या करणे हा याचाच पुढचा भाग. काही मुलांना थुंकण्याची शिसारी येते. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये, मोठ्यांनी आपली लाळ द्यावी. प्रत्येकाच्या लाळेला लागणारा वेळ वेगळा येतो, आणि घरातील सर्वांची नोंद घेतली तर तो स्वतंत्र अभ्यासच होतो. आयोडीन लागलेले काहीही खाऊ नये, त्यासाठी वेगळी बशी ठेवावी, आणि कपड्यांवर थेंब पडू देऊ नये.

पाणी आणि खोबरेल यांची तुलना लहान मुलीलाही करता येईल. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. दोन उभट पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांत पाणी व खोबरेल समान उंचीपर्यंत घेऊन बाहेरून खूण करावी आणि दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवावे. बर्फ खुणेच्या वर येतो, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. खोबरेल मात्र आकसते आणि मध्यभागी खड्डा पडतो. आता बर्फाचा तुकडा पाण्यात आणि गोठलेल्या खोबरेलाचा तुकडा पातळ खोबरेलात टाकावा. बर्फ तरंगतो, खोबरेलाचा तुकडा बुडतो. तरंगणे हा बर्फाचा असाधारण गुण आहे, हे मुलांना अशी जोडी समोर ठेवल्याशिवाय पटत नाही, कारण त्यांनी गोठलेली दुसरी वस्तू क्वचितच पाहिलेली असते. काचेची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नये.

किनाऱ्यावरील मुलांना विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न : ताजे अंडे समुद्राच्या पाण्यात तरंगेल का? जवळजवळ सर्व मुले ‘हो’ म्हणतात, कारण खाऱ्या पाण्यात वस्तू तरंगतात असे त्यांनी वाचलेले असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरीच तेवढे मीठ एक लिटर पाण्यात विरघळवून अंडे सोडावे, ते बुडते. मग मीठ थोडे-थोडे वाढवीत जावे, आणि सुमारे तिप्पट प्रमाण झाल्यावर, म्हणजे लिटरला १०० ते १२० ग्रॅमच्या आसपास, अंडे वर येऊ लागते. श्रावणात घरी अंडे आणत नसल्यास लहान बटाटा घ्यावा; त्याची घनताही जवळपास तेवढीच असते. या प्रयोगासाठी पावसाळ्यात मुलांना घेऊन पाणी आणायला किनाऱ्यावर जाऊ नये; उधाणाच्या दिवसांत ते धोक्याचे आहे, आणि नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्यालगतचे पाणी त्या काळात पुरेसे खारेही नसते.

आंबोळीचे पीठ तुम्ही भिजवताच, तेव्हा त्यासाठी वेगळी तयारी नको. वाटलेले पीठ तीन सारख्या काचेच्या बरण्यांत अर्ध्यापर्यंत भरून पातळीवर रबरबँड लावावे. एक फ्रीजमध्ये, एक ओट्यावर आणि एक कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून दर दोन तासांनी चढलेली उंची मोजावी. पिठातील सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि त्यांचा वेग तापमानावर अवलंबून असतो, एवढे सांगितले की पुरे. पावसाळ्यात पीठ उशिरा का फुगते हे मुले स्वतः जोडून घेतात.

काय करू नये, हेही स्पष्ट लिहितो. ओल्या काजूच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात, म्हणून काजू फोडण्याचे किंवा भाजण्याचे प्रयोग मुलांबरोबर करू नयेत. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि मुलांना ‘मिसळून पाहण्याची’ सवय लागली की ती मोरीतील बाटल्यांपर्यंत पोहोचते, म्हणून त्या बाटल्या आधीच वर ठेवाव्यात. प्रेशर कुकर आणि उकळते तेल यांपासून मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत साबण, सोडा किंवा लिंबू गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवावा आणि जळजळ राहिली तर डॉक्टरांकडे न्यावे.

समजावून कसे सांगावे, याविषयी माझे मत ठाम आहे. कारण आधी सांगू नये. मुलाचा अंदाज चुकला तर ‘मग असे का झाले असेल?’ एवढेच विचारावे, आणि त्याने दिलेले कारण चुकीचे असले तरी ते पडताळण्याची वाटी मांडायला मदत करावी. मीठ ओले झाले ते ‘वरून पाऊस गळाला म्हणून’ असे मुलगी म्हणाली, तर शेजारी रिकामी वाटी ठेवून पाहावी; ती कोरडी राहिली की दुसरे कारण शोधायला ती स्वतःच निघते. रेणू, विकर, अँथोसायनिन हे शब्द थोरल्याला नंतर सांगावेत, आणि धाकटीने विचारले तरच तिला सांगावेत. आपल्याला उत्तर येत नसेल तेव्हा तसे मुलांना मोकळेपणाने सांगून एकत्र पुस्तक उघडावे.

सुरुवात मिठाच्या वाट्यांनी करावी, कारण त्यांना दिवस लागतात आणि त्या फळीवर असताना बाकीचे प्रयोग होऊन जातात. दुसऱ्या दिवशी जास्वंद आणि आमसूल, आणि पेजेचा प्रयोग ज्या सकाळी घरात पेज असेल त्या सकाळी. पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले, की शांत दिवशी मोठ्यांनी समुद्राचे एक लिटर पाणी आणावे, ते फडक्यातून गाळून परातीत उथळ पसरावे, वर पातळ कापड बांधावे आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत रोज उन्हात ठेवून रात्री घरात आणावे. मुलांनी आधी ३५ ग्रॅमचा हिशोब वहीत मांडावा, आणि परातीत खरवडून निघालेले मीठ तोलून त्याच्या शेजारी लिहावे. ते आकड्याहून जास्त भरले तर त्यात अजून ओल आहे का, आणि कमी भरले तर ते परातीला किती चिकटून राहिले, हे शोधण्यासाठी पावसाळ्यात वापरलेला काटा आणि तीच वही पुन्हा काढावी.